युद्ध आणि महागाईच्या काळात लोकप्रतिनिधींकडे हिशेब कसा मागायचा

कुठेतरी युद्ध पेटतं, डीएपी खताचं पोतं मिळेनासं होतं, गॅस महागतो आणि आठवडाभरात तहसील कचेरीत निवेदनांची रीघ लागते. "शासनाने तातडीने लक्ष घालावे" एवढंच त्यांत लिहिलेलं असतं. निवेदन स्वीकारलं जातं, फोटो निघतो, विषय तिथेच संपतो. महिनाभराने कुणी विचारलं की उत्तर काय आलं, तर सांगायला काहीच नसतं. खरं तर निवेदनात प्रश्नच नव्हता.

लोक चिडतात ते रास्तच असतं. चूक तीन ठिकाणी होते. ज्याचा निर्णयच नाही त्याच्याकडे जातात, मोघम मागतात आणि पहिल्या टोलवाटोलवीला थांबतात. हा लेख या तीन चुका टाळण्यासाठी आहे. समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरलं आहे: युद्धामुळे आयात अडकली आणि खरिपात डीएपी मिळालं नाही. तुमचा विषय इंधनाचा, व्याजदराचा किंवा शस्त्रखरेदीचा असला तरी क्रम हाच राहील.

"युद्ध चालू असताना प्रश्न कसले विचारता?" असं कुणीतरी म्हणेलच. अनुच्छेद ७५(३) प्रमाणे मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार आहे आणि युद्ध सुरू झालं म्हणून हा अनुच्छेद बाजूला पडत नाही. १९६२ मध्ये चीनशी युद्ध सुरू असतानाच कृष्ण मेनन यांना संरक्षणमंत्रिपद सोडावं लागलं आणि त्या जागी यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. एवढं सांगा आणि कामाला लागा. त्या वादात दुपार घालवू नका.

## पायरी १: मागणी एका वाक्यात लिहा

कागद घ्या आणि तुम्हाला नेमकं काय हवंय ते एका वाक्यात लिहा. त्या वाक्यात चार गोष्टी दिसायला हव्यात: कोणता निर्णय, कोणाचा, कोणत्या काळातला आणि उत्तर म्हणून कोणता आकडा किंवा कागद हवा.

नेहमी लिहिलं जातं ते असं: "युद्धामुळे शेतकरी संकटात सापडला आहे, तरी खतपुरवठा सुरळीत करावा."

लिहायला हवं ते असं: "या वर्षी एप्रिल ते जुलै या काळात महाराष्ट्रासाठी केंद्राने डीएपीची किती गरज धरली, किती पुरवठा ठरवला, प्रत्यक्षात महिनावार किती आला, आणि तूट दिसल्यावर कोणत्या तारखेला काय निर्णय घेतला?"

पहिल्या वाक्याला "प्रयत्न सुरू आहेत" एवढं उत्तर पुरतं. दुसऱ्याला पुरत नाही.

एका वेळी एकच विषय घ्या. खत, डिझेल, सैनिकांच्या कुटुंबांची मदत आणि बेरोजगारी एकाच पत्रात कोंबली की अधिकारी सर्वांत सोप्या मुद्द्यावर दोन ओळी लिहितो आणि फाइल बंद करतो.

तपासा: विषय माहीत नसलेल्या माणसाला तुमचं वाक्य वाचायला द्या. "मग उत्तर म्हणून काय आलं पाहिजे?" याचं उत्तर त्याला देता आलं तर वाक्य जमलं.

## पायरी २: निर्णय कोणाचा, ते शोधा

सर्वाधिक निवेदनं इथेच वाया जातात. आमदारांना शस्त्रखरेदीबद्दल आणि खासदारांना दुकानातल्या साठेबाजीबद्दल विचारलं जातं. दोघंही "हा माझा विषय नाही" म्हणतात आणि दोघांचंही बरोबर असतं.

खताचं पाहू. आयातीवरचं अनुदान आणि कोणत्या राज्याला दर महिन्याला किती खत द्यायचं याचा आराखडा केंद्राच्या रसायने आणि खते मंत्रालयातला खते विभाग ठरवतो. राज्यात आलेलं खत कोणत्या जिल्ह्यात किती जायचं, कृषी सेवा केंद्रात साठा दडवला जातोय का, डीएपीबरोबर नको असलेलं दुसरं उत्पादन गळ्यात मारलं जातंय का, म्हणजे ज्याला सगळे लिंकिंग म्हणतात, हे बघणं राज्याच्या कृषी विभागाचं काम. म्हणून "खत मिळत नाही" या एका तक्रारीत दोन प्रश्न दडलेले असतात. खत महाराष्ट्रात आलंच नसेल तर प्रश्न खासदाराचा. आलं पण तुमच्या तालुक्यात पोचलं नसेल तर आमदाराचा.

पेट्रोल-डिझेलवर केंद्राचं उत्पादन शुल्क असतं आणि राज्याचा व्हॅट असतो. तिथे दोन वेगळी पत्रं लागतात. केंद्राच्या पत्रात सेस आणि अधिभार, म्हणजे मूळ करावर लावलेले जादा कर, किती, हे वेगळं विचारा. सेस आणि अधिभारातला वाटा राज्यांना मिळत नाही, त्यामुळे "राज्यांनाही त्यातलं मिळतं" हे उत्तर तपासता येतं. व्याजदर रिझर्व्ह बँकेची सहा जणांची पतधोरण समिती ठरवते. त्यातले तिघे केंद्र सरकार नेमतं. संरक्षण, परराष्ट्र धोरण, आणीबाणी हे सगळं केंद्राकडे. सरपंच आणि नगरसेवक यांच्याकडे यातलं काहीच नाही. त्यांना दोष देऊन गावातले संबंध बिघडवू नका.

तुमचे खासदार मंत्री असतील तर ते सभागृहात प्रश्न विचारू शकत नाहीत. मग राज्यसभेकडे वळा. महाराष्ट्राचे लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९ सदस्य आहेत आणि राज्यसभेचा सदस्य संपूर्ण राज्याचा प्रतिनिधी असतो. दुसऱ्या मतदारसंघातल्या लोकसभा सदस्यालाही विनंती करायला कुणाची आडकाठी नाही.

सावध: घरातलं कुणी युद्धग्रस्त देशात अडकलं असेल तर आधी मदत मिळवा. परराष्ट्र मंत्रालयाचं "मदद" पोर्टल आणि त्या देशातला भारतीय दूतावास हे पहिले दरवाजे. हिशेब नंतर मागता येतो.

## पायरी ३: जाहीर आहे ते आधी वाचा आणि तारखांची पट्टी बनवा

जे संकेतस्थळावर आहे तेच अर्जात मागितलं की "माहिती सार्वजनिकरीत्या उपलब्ध आहे" असं उत्तर येतं आणि महिना जातो. म्हणून आधी शोधा.

कुठे शोधायचं? केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाची (पीआयबी) प्रसिद्धिपत्रकं. लोकसभा आणि राज्यसभेच्या संकेतस्थळांवरची प्रश्नोत्तरं, ज्यांत मंत्रालयाच्या नावाने शोधता येतं. लेखा महानियंत्रकांची केंद्राच्या जमाखर्चाची मासिक आकडेवारी. रिझर्व्ह बँकेचं साप्ताहिक पत्रक, ज्यात परकीय चलनाचा साठा असतो. इंधनासाठी पेट्रोलियम मंत्रालयाच्या नियोजन आणि विश्लेषण कक्षाचे आकडे. आणि पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पात न धरलेल्या खर्चासाठी सरकार संसदेकडे नंतर मागतं त्या रकमा. त्या कुणी वाचत नाही, पण युद्धामुळे वाढलेला खर्च बहुतेक वेळा तिथेच पहिल्यांदा दिसतो.

एक उदाहरण बघा. २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात खत अनुदानासाठी सुमारे १.०५ लाख कोटी रुपये धरले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध सुरू झालं, जगभर खतं महागली आणि वर्षअखेरीस प्रत्यक्ष खर्च अडीच लाख कोटींच्या घरात गेला. हे दोन आकडे शेजारी ठेवले की नेमके प्रश्न आपोआप सुचतात. जादा रक्कम कोणत्या पुरवणी मागणीत मंजूर झाली? ती कोणत्या खतावर गेली? राज्यात पुरवठा किती वाढला?

आकड्यांबरोबर तारखा लिहा. एका रकान्यात "काय म्हणाले", दुसऱ्यात "काय केलं", आणि दोन्हींपुढे तारीख. एप्रिल २०२२ मध्ये सरकार गव्हाची निर्यात वाढवण्याची भाषा करत होतं आणि १३ मे २०२२ ला निर्यातबंदी आली. अशी पट्टी समोर असली की "तुम्ही शब्द फिरवला" असं ओरडावं लागत नाही. "या दोन तारखांच्या मध्ये कोणती माहिती तुमच्यासमोर आली?" एवढं विचारलं तरी पुरतं.

गावपातळीवरचा पुरावाही याच वेळी गोळा करा. कृषी सेवा केंद्राने साठा आणि दर फलकावर लावणं बंधनकारक आहे. त्या फलकाचा फोटो, त्याच दिवशीची पावती, आणि तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार केली असेल तर तिची पोच. फोटोवर तारीख दिसायला हवी.

सावध: फॉरवर्ड आलेला आकडा पट्टीत घालू नका, मग तो तुमच्या बाजूचा असला तरी. एक खोटा आकडा सापडला की उरलेले नऊ खरे आकडे कुणी वाचत नाही.

## पायरी ४: गुप्त काय आणि गैरसोयीचं काय, हे वेगळं करा

युद्धकाळात "राष्ट्रीय सुरक्षा" हे शब्द फार पसरट वापरले जातात. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा प्रश्न असा लिहा की ते लागूच होऊ नयेत.

सैन्याची हालचाल, तैनाती, शस्त्रसाठा, चालू कारवाई, पुढच्या योजना यांना हात लावू नका. हे विचारायचं नाहीच, फोटो काढून टाकायचंही नाही. शासकीय गुपिते अधिनियम १९२३ चा आहे आणि आजही लागू आहे. एप्रिल २०२५ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने संरक्षण कारवाया आणि सैन्याच्या हालचालींचं थेट प्रक्षेपण टाळा, अशी सूचना माध्यमांबरोबर समाजमाध्यमं वापरणाऱ्यांनाही दिली होती. ती सूचना रास्त होती. त्या माहितीवर माणसांचे जीव अवलंबून असतात.

याउलट, किती पैसे खर्च झाले, कोणत्या शीर्षाखाली झाले, शहिदांच्या कुटुंबांना जाहीर केलेली मदत किती दिवसांत मिळाली, बंकर किंवा निवारे मंजूर झाले ते बांधले का, आयात अडणार हे दिसत असताना पर्यायी पुरवठ्याचे करार कधी केले, हे विचारता येतं. उत्तर देणाऱ्याला अवघड वाटलं तरी ते गुपित ठरत नाही.

मधला मार्गही आहे. कारगिलचं युद्ध जुलै १९९९ मध्ये संपलं आणि त्याच महिन्यात के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली आढावा समिती नेमली गेली. संवेदनशील भाग वगळून तिचा अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये संसदेत मांडला गेला. म्हणजे थोडा मजकूर झाकून उरलेला लोकांसमोर ठेवता येतो. माहिती अधिकार कायद्याचं कलम १० नेमकं हेच सांगतं. सगळी फाइल गुप्त आहे असं उत्तर आलं तर हे कलम लागेल, लक्षात ठेवा.

## पायरी ५: माहिती अधिकाराचा अर्ज टाका

खासदाराकडे जाण्याआधी हा अर्ज टाकलेला बरा. उत्तराला ३० दिवस लागतात, आणि आलेलं उत्तर, अगदी नकारसुद्धा, पुढच्या प्रत्येक टप्प्यावर हातात धरता येतो.

१. केंद्राच्या विभागासाठी केंद्राच्या आरटीआय पोर्टलवर, राज्याच्या विभागासाठी राज्याच्या पोर्टलवर किंवा टपालाने अर्ज करा. शुल्क दोन्हीकडे १० रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही, पुरावा मात्र जोडा.

२. राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. केंद्रात मर्यादा ५०० शब्दांची आहे. दिल्लीला जाणारा अर्ज हिंदी किंवा इंग्रजीत दिला तर भाषांतराचं कारण पुढे करून वेळ जात नाही.

३. "का" विचारू नका. हा कायदा उपलब्ध कागद देतो, स्पष्टीकरण देत नाही. "डीएपी कमी का दिलं?" या प्रश्नाला उत्तर देणं अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. "डीएपीच्या तुटीबाबत अमुक ते अमुक तारखेदरम्यान झालेला राज्य आणि केंद्र यांच्यातला पत्रव्यवहार, बैठकींची इतिवृत्तं आणि फाइलवरच्या टिपण्या यांच्या प्रती द्याव्यात" असं मागा. "का"चं उत्तर त्या टिपण्यांत सापडतं.

४. जाहीर झालेल्या निर्णयाची कारणं मागायची असतील तर कलम ४(१)(घ) चा उल्लेख करा. निर्णयाने बाधित झालेल्यांना कारणं कळवणं हे त्या कलमाप्रमाणे कार्यालयाचंच कर्तव्य आहे.

खताच्या उदाहरणात अर्जाचा गाभा असा असेल:

"दि. १ एप्रिल ते ३१ जुलै या कालावधीतील महाराष्ट्र राज्याबाबत: (१) डीएपीची महिनावार निश्चित केलेली गरज, पुरवठा आराखडा व प्रत्यक्ष पुरवठा यांचे तक्ते, (२) तुटीबाबत राज्य शासनाकडून आलेल्या पत्रांच्या प्रती, (३) त्या पत्रांवर केलेल्या कार्यवाहीच्या टिपण्यांच्या प्रती, (४) माहितीचा काही भाग देता येत नसल्यास कलम १० नुसार उर्वरित भाग द्यावा."

मागे पुढे विशेषणं नकोत. "भ्रष्ट", "निष्क्रिय" असे शब्द अर्जात आले की अधिकारी बचावाच्या पवित्र्यात जातो.

नकार आला तर कोणत्या कलमाने दिला ते बघा. कलम ७(८) प्रमाणे नकाराचं कारण आणि अपील कुठे करायचं हे दोन्ही सांगावंच लागतं. कलम ८(१)(क) म्हणजे सुरक्षा आणि परराष्ट्र संबंध. कलम ८(१)(झ) म्हणजे मंत्रिमंडळाचे कागद. पण निर्णय होऊन विषय पूर्ण झाल्यावर निर्णय आणि त्याची कारणं खुली करायची असतात, हे त्याच कलमात लिहिलेलं आहे. शिवाय कलम ८(२) आहे: जनहित जास्त मोठं असेल तर अपवादात बसणारी माहितीही देता येते. आणखी एक गोंधळ नेहमी होतो. सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल, डीआरडीओ (संरक्षण संशोधन संस्था) अशा संस्था या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत असल्याने भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाचे विषय सोडून कायद्याबाहेर आहेत. लष्कर, नौदल, हवाई दल त्या यादीत नाहीत. त्यांच्याकडे अर्ज करता येतो.

पहिलं अपील ३० दिवसांत करा. केंद्रात त्याला शुल्क नाही, राज्यात २० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावतात. अपिलात नवी माहिती मागू नका. नकार कुठे चुकला तेवढंच लिहा.

सावध: धोरणाबद्दलचा प्रश्न केंद्राच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर टाकू नका. ते पोर्टल सेवेतल्या तक्रारींसाठी आहे. धोरणाचा प्रश्न तिथे "सूचना" म्हणून बंद होतो आणि तुम्हाला वाटत राहतं की दाद मागितली.

## पायरी ६: खासदाराच्या हातात तयार प्रश्न द्या

खासदाराला "आवाज उठवा" म्हणणं आणि सभागृहात जसाच्या तसा देता येईल असा प्रश्न देणं, यांत फार अंतर आहे. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान पूर्ण १५ दिवस आधी द्यावी लागते आणि प्रश्न १५० शब्दांपेक्षा मोठा चालत नाही. म्हणून अधिवेशनाच्या महिनाभर आधी जा. अधिवेशन सुरू झाल्यावर गेलात तर साहेबांची इच्छा असूनही उपयोग नाही.

तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर मिळतं आणि उपप्रश्न विचारता येतो. लोकसभेत दिवसाला असे २० प्रश्नच घेतले जातात, तेही चिठ्ठ्या टाकून. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळतं. आकडे हवे असतील तर मला अतारांकित प्रश्नच जास्त उपयोगी वाटतो. लेखी आकडा नाकारता येत नाही. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच झाला नाही, तेव्हाही अतारांकित प्रश्नांची उत्तरं येत होती. संकटकाळात हा मार्ग उघडा राहतो.

प्रश्न लिहिताना उपभाग एकमेकांवर अवलंबून ठेवू नका. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. (क) मध्ये "डीएपीचा तुटवडा आहे हे खरे आहे का?" असं विचारलं आणि (ख) मध्ये "असल्यास कारणे काय?" असं लिहिलं, तर मंत्री (क) ला "नाही" म्हणतात आणि (ख) ते (ङ) ला "प्रश्न उद्भवत नाही" असं उत्तर येतं. पूर्ण प्रश्न एका शब्दात संपतो. म्हणून (क) गरजेचा आकडा, (ख) पुरवठ्याचा आकडा, (ग) महिनावार तफावत, (घ) पर्यायी आयात करारांच्या तारखा, असं प्रत्येक भागाला स्वतंत्र उत्तर लागेल असं लिहा. मत विचारू नका, आरोप करू नका, मंत्रिमंडळातल्या चर्चेबद्दल विचारू नका. नियमांत बसत नाही म्हणून सूचना परत येते.

कार्यालयात साधारण असं घडतं.

"साहेब दौऱ्यावर आहेत. निवेदन ठेवून जा, मी देतो त्यांना."

"ठेवतो दादा. फक्त या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक टाका. आणि हा प्रश्न सूचनेच्या नमुन्यात लिहून आणलाय, हिंदीतही आहे. दिल्लीत साहेबांचे प्रश्न कोण बघतं, त्यांचा नंबर मिळेल का?"

तुमचं काम या शेवटच्या वाक्यात आहे. मतदारसंघातले स्वीय सहायक टपाल सांभाळतात, संसदेतले प्रश्न बहुतेक वेळा दिल्लीतला माणूस तयार करतो. तयार मसुदा त्याच्यापर्यंत पोचला की त्याचंही काम हलकं होतं. तीन-चार जण जा, तीसचा जमाव नको. त्यात एक शेतकरी आणि एक कृषी सेवा केंद्रवाला असला तर बोलणं आकड्यांवर राहतं.

राज्याच्या वाट्याच्या भागासाठी आमदाराला तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना द्यायला सांगा. पद्धत तीच, मसुदा तयार करून न्यायचा.

तपासा: तुमच्याकडे शिक्क्याची प्रत, आवक क्रमांक, तारीख आणि ज्याच्याशी बोलणं झालं त्याचं नाव आहे का? नसेल तर भेट झालीच नाही असं धरा.

## पायरी ७: उत्तर वाचायला शिका

उत्तर आलं की लोक वाचून हताश होतात. पण सरकारी उत्तरांचे ठरावीक प्रकार आहेत आणि प्रत्येकाला पुढची चाल आहे.

"माहिती गोळा केली जात असून सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल." याला संसदेत आश्वासन मानतात. ते तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं आणि त्यावर लक्ष ठेवायला सरकारी आश्वासन समिती आहे. तीन महिन्यांनी खासदाराला त्या आश्वासनाची आठवण करून देणारं पत्र द्या. बहुतेक लोक इथे गप्प बसतात, म्हणून सांगतो: हे एक पत्र कधी चुकवू नका.

"हा राज्याचा विषय आहे." उत्तराची प्रत जोडून राज्याकडे अर्ज करा. राज्य म्हणालं "केंद्राकडून पुरवठाच आला नाही", तर दोन उत्तरं समोरासमोर ठेवा. एकाच पुरवठ्याबद्दल दोन सरकारं वेगळं बोलताना लेखी सापडली, तर बातमीदाराला याहून चांगला कागद देता येणार नाही.

"पुरेसा साठा उपलब्ध आहे." हा राज्याचा एकूण आकडा असतो. जिल्हावार आणि आठवडावार फोड मागा. पेरणीच्या पंधरवड्यात पोतं नव्हतं आणि महिनाअखेरीला आलं, हे एकूण आकड्यात दिसत नाही.

"कायद्यात तशी तरतूद नाही." २०२२ मध्ये सलग तीन तिमाही सरासरी महागाई ६ टक्क्यांच्या, म्हणजे ठरवून दिलेल्या कमाल मर्यादेच्या, वर राहिली. रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम ४५झेडएन प्रमाणे बँकेने कारणांचा अहवाल केंद्राला दिला. तो लोकांसमोर आला नाही, आणि संसदेत सांगितलं गेलं की अहवाल जाहीर करण्याची तरतूद कायद्यात नाही. अशा उत्तरातून नवी मागणी मिळते: तरतूद करा. ती मागणी घेऊन खासदाराकडे अशासकीय विधेयकासाठी, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडायच्या विधेयकासाठी, जाता येतं.

"युद्धामुळे खर्च वाढला, तूट वाढली." केंद्राच्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्यात तुटीचं लक्ष्य ओलांडण्यासाठी युद्ध हे एक कारण मान्य केलेलं आहे, पण विचलनाला जीडीपीच्या अर्ध्या टक्क्याची मर्यादा आहे आणि त्याचं निवेदन संसदेपुढे ठेवावं लागतं. ते निवेदन कोणत्या तारखेला ठेवलं, एवढंच विचारा.

मंत्र्याने सभागृहात दिलेला आकडा आणि तुमच्या आरटीआय उत्तरातला आकडा जुळत नसेल तर तो दुसऱ्या सदस्याला दाखवा. मंत्र्याच्या निवेदनातली चूक निदर्शनास आणण्यासाठी लोकसभा अध्यक्षांच्या निर्देश ११५ खाली वेगळी प्रक्रिया आहे.

## पायरी ८: मग लोकांसमोर या

सभा, पत्रकार परिषद, याचिका हे सगळं आता. आधी नाही. हातात उत्तरं नसताना घेतलेल्या सभेत घोषणा होतात आणि नेता घोषणा देण्यात तुमच्यापेक्षा तरबेज असतो.

लोकप्रतिनिधीला बोलवा तेव्हा तीन प्रश्न आठ दिवस आधी लेखी पाठवा. अचानक पकडण्यात काही मिळत नाही. "माहिती घेऊन सांगतो" म्हणायला त्यांना मोकळीक राहते. सभेत मोठा फलक लावा: प्रश्न, विचारल्याची तारीख, उत्तराची तारीख, उत्तर. रिकामा रकाना रिकामाच ठेवा. सूत्रसंचालन अशा माणसाला द्या ज्याला दोन्ही पक्षांचे लोक मानतात. विरोधी पक्षाने सभा ताब्यात घेतली की तुमचा प्रश्न त्यांचा होतो आणि निवडणुकीनंतर विसरला जातो.

लोकसभेकडे याचिकाही करता येते. ती ठरावीक नमुन्यात लागते, सदस्याची प्रतिस्वाक्षरी लागते, आणि मराठीत लिहिली तर हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. न्यायालयात असलेला विषय चालत नाही. वेळखाऊ मार्ग आहे, पण याचिका समितीपुढे विभागाला खुलासा करावा लागतो.

सावध: युद्धकाळात अनेक जिल्ह्यांत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदी लागलेली असते. परवानगी लेखी घ्या. आणि गटातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा की न तपासलेला व्हिडिओ कुणीही पुढे पाठवायचा नाही. खोट्या माहितीतून घबराट पसरली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५३ लागू शकतं, आणि एका माणसाच्या फॉरवर्डमुळे सगळ्यांचं काम बदनाम होतं.

## पायरी ९: युद्ध थांबल्यावर फाइल बंद करू नका

शस्त्रसंधी झाली, भाव थोडे उतरले की गट पांगतो. खरी कागदपत्रं मात्र त्यानंतरच बाहेर येतात. तातडीच्या खरेदीचे हिशेब महालेखापरीक्षकांकडे जातात आणि अहवाल संसदेत मांडला गेला की सर्वांसाठी खुला होतो. कारगिलच्या वेळच्या खरेदीवरचा अहवाल २००१ मध्ये आला, युद्धानंतर दोन वर्षांनी. असा अहवाल पुढे संसदेच्या लोकलेखा समितीकडे जातो. म्हणून तुमच्या विषयावरचा अहवाल येईपर्यंत कुणीतरी वर्षातून तीनदा, प्रत्येक अधिवेशनाच्या शेवटी, मांडलेल्या कागदांची यादी तपासली पाहिजे.

"सुरक्षा" म्हणून नाकारलेला अर्जही तेव्हा पुन्हा टाकता येतो. चालू कारवाईचं कारण संपलेलं असतं. जुन्या नकाराची प्रत जोडा आणि तीच माहिती नव्याने मागा.

फाइल एकाच माणसाकडे ठेवू नका. मूळ प्रती एकाकडे, स्कॅन केलेला संच दुसऱ्याकडे, आणि वर एक पान: कोणता अर्ज कधी टाकला, मुदत कधी संपते. पहिल्या अपिलाचे ३० दिवस, माहिती आयोगाकडच्या दुसऱ्या अपिलाचे ९० दिवस, आश्वासनाचे तीन महिने, पुढच्या अधिवेशनासाठी प्रश्न पोचवायची तारीख. या चार तारखा दोघांच्याही मोबाइलमध्ये आजच घालून ठेवा.